वसईहून गेलेल्या घंटा आणि नातलगांची घरे : वडिलांसोबत नाशिक, भीमाशंकर, पुणे, मेणवली

सुकेळी :

माझ्या वडिलांनी वसईच्या उत्तर पट्ट्यातील आमच्या गावच्या चर्चमध्ये एकतीस वर्षे घंटा वाजवली. आमच्याकडची जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणतात, त्यामुळे गावात वडिलांची ओळख 'देवळातले' अशीच होती. पहाटेच्या मिस्साची (चर्चमधील उपासनेची) घंटा, दुपारी बाराची, सायंकाळी सातची, लग्नाची आणि मरणाची, यांतील प्रत्येकीचा ठेका वेगळा असे आणि शेतात वाकलेल्या माणसालाही वर न पाहता कोणती घंटा आहे ते कळत असे. बारा आणि सातला तीन ठोके, मग श्वासभर विराम, पुन्हा तीन, पुन्हा तीन, आणि शेवटी सलग नऊ. मरणाच्या घंटेत दोन ठोक्यांमध्ये इतके अंतर असे की पहिल्याचा नाद पूर्ण विरल्याशिवाय वडील दोरीला हात लावत नसत. सहा वर्षांपूर्वी मनोऱ्यात विजेवर चालणारा हातोडा बसला आणि त्यांचे काम थांबले.

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर त्यांनी एक इच्छा सांगितली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि तेथील चर्चमधल्या घंटा मराठा सरदारांनी विजयचिन्ह म्हणून देशावरच्या मंदिरांत नेल्या, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेले होते. परंतु वयाच्या शहात्तराव्या वर्षापर्यंत त्यांतील एकही घंटा त्यांनी पाहिलेली नव्हती. त्या घंटा अजून वाजतात का, आणि वाजत असल्यास कशा वाजतात, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

प्रवासाची आखणी नातलगांच्या घरांवरून झाली. ज्या गावात आपले माणूस आहे त्या गावात भाड्याची खोली घेणे म्हणजे त्या माणसाला परके करणे, असे वडील मानतात. म्हणून नाशिकला आत्या, नारायणगावाजवळ वडिलांचे नोकरीतील जुने सहकारी, पुण्यात गुरुवार पेठेत चुलतभाऊ आणि वाईला मामेबहिणीचे सासर अशी चार घरे ठरली. पाच रात्री आणि सुमारे साडेआठशे किलोमीटरचा हा प्रवास होता. प्रत्येक घरासाठी राजेळी केळ्यांची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, बांधून घेतली होती आणि गाडी मी चालवत होते.

नाशिकला पंचवटीत गोदावरीच्या काठी नारोशंकराचे मंदिर आहे. पूर्वेकडील प्रवेशद्वाराच्या वर, तटावरील कमानीत ती मोठी घंटा टांगलेली आहे आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. आत्या चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन नाशिकला आली तेव्हा तिचा आवाज आमच्या घरातल्या सगळ्यांसारखाच मोठा होता, आणि शेजारच्या बायका तिला 'नारोशंकराची घंटा' म्हणत. मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसाला असे म्हणण्याची रीत सगळ्या मराठी मुलखात आहे. ही घंटा वसईकडून आलेली आहे हे आत्याला त्यानंतर कितीतरी वर्षांनी समजले. ती आम्हाला घेऊन घाटावर आली, वर बोट दाखवले आणि वडिलांना म्हणाली, "दादा, ही माझ्याआधी इथे नांदायला आली." वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. घंटा उंचावर असल्याने आम्ही ती खालूनच पाहिली. तिचा नाद आम्हाला ऐकायला मिळाला नाही.

भीमाशंकरला आम्ही मंचर, घोडेगाव आणि डिंभे धरणावरून गेलो. मंदिर खोलगट जागी असल्याने पायऱ्या उतराव्या लागतात, आणि गुडघ्याच्या दुखण्यामुळे वडिलांना त्या उतरायला पाऊण तास लागला. शनिमंदिरासमोर दोन खांबांच्या मध्ये टांगलेली घंटा त्यांनी दुरूनच ओळखली. देवळातील घंटांहून तिची कंबर वेगळी आहे, ओठ बाहेर फाकलेला आहे आणि अंगावर मेरीमाता व बाळ येशू आहेत. वडिलांनी चपला बाजूला काढल्या, हात जोडले, आणि दोन्ही देवांना एकदमच नमस्कार पोचला असेल असे म्हणाले.

प्रवासातले जे सर्वांत महत्त्वाचे होते ते आखणीत नव्हतेच. नारायणगावच्या सहकाऱ्यांनी सकाळी चहा पिताना सांगितले की, त्यांच्या मूळ गावच्या मंदिरातही एक 'फिरंगी घंटा' आहे. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यात कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. घंटा लहान होती. टेपने मोजल्यावर तोंडाचा व्यास बासष्ट सेंटिमीटर भरला. तिला बाहेरून केशरी ऑइलपेंटचे तीन-चार थर दिलेले होते, त्यामुळे मजकूर पूर्ण बुजला होता. पायऱ्यांच्या चौथऱ्यावर उभा असलेला क्रूस मात्र बोटाला लागत होता. गुरवांनी वडिलांना घंटा वाजवण्याची परवानगी दिली. वडिलांनी आधी वाजवली नाही. त्यांनी ओठाच्या आतल्या बाजूने बोट फिरवले आणि एका ठिकाणी ते थांबले. तेथे धातूत नखभर खोल खळगा पडला होता.

ही घंटा झुलण्यासाठी ओतलेली आहे, असे त्यांनी मला नंतर गाडीत समजावून सांगितले. दोरी ओढली की घंटा स्वतः हलते आणि आत लोंबणारा लोळा एकदा या बाजूला व एकदा त्या बाजूला आदळतो, त्यामुळे झीज दोन ठिकाणी वाटली जाते आणि लोळा आपटून लगेच मागे फिरतो. मंदिरात तीच घंटा घट्ट बांधलेली आहे आणि दर्शनाला येणारा प्रत्येक माणूस समोरून येऊन लोळा एकाच दिशेने ढकलतो. पावणेतीनशे वर्षांचे ठोके एकाच जागी पडले आहेत. "तिला वाजवणाऱ्यांची भक्ती खरी आहे," वडील म्हणाले, "पण तिचे कूस बदलायचे कोणाला सुचले नाही."

मेणवलीला आम्ही शेवटी पोचलो. कृष्णेच्या घाटावर नाना फडणविसांच्या वाड्यामागे मेणेश्वराचे मंदिर आहे आणि त्याच्याजवळ दगडी घुमटीत १७०७ सालची घंटा आहे. तिचे वजन साडेसहाशे किलो सांगतात. मामेबहिणीची सासू रोज सायंकाळी घाटावर बसायला येते, ती आमच्यासोबत होती. वडिलांनी बोटाच्या पेराने ओठावर हलकेच टकटक केली, कान लावला, आणि दिवस मावळेपर्यंत तेथून हलले नाहीत.

माझी विनंती अशी आहे. अशा तीसहून अधिक घंटा महाराष्ट्रातील मंदिरांत असल्याचे वसईतील दुर्गप्रेमी अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. आपल्या गावात, आजोळी किंवा सासरी अशी घंटा असेल तर तिची अवस्था काय आहे, तिचा खळगा कोणत्या बाजूला आहे आणि मजकूर वाचता येतो का, हे कृपया येथे लिहावे. नाताळ झाल्यावर आम्ही पुन्हा निघणार आहोत.

गोदातीर :

सुकेळीताई, आपल्या आत्याबाई म्हणतात ते आमच्या घरातही घडलेले आहे, कारण माझ्या आजीला तिच्या सासूने हेच नाव दिले होते. मंदिर नारोशंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ मध्ये बांधले. ते मुळात रामेश्वराचे, म्हणजे महादेवाचे मंदिर आहे, परंतु घंटेमुळे लोकांच्या तोंडी बांधणाऱ्याचेच नाव राहिले. पुराच्या दिवसांत आम्ही पाणी किती चढले हे नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पाहतो आणि त्यानंतर आमची नजर आपोआप या तटाकडे जाते. आपण पुन्हा याल तेव्हा सकाळी लवकर यावे, कारण त्या वेळी ऊन पूर्वेकडून थेट कमानीत पडते आणि घंटेवरील अक्षरे चांगल्या दुर्बिणीतून खालूनही दिसतात.

दप्तरवाचक :

लेख मनापासून आवडला, आणि म्हणूनच दोन गोष्टी तपासून पाहाव्यात असे सुचवतो.

पहिली गोष्ट अशी की, अशा प्रत्येक घंटेला 'वसईच्या किल्ल्यातील' म्हणणे घाईचे ठरेल. १७३७ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत पोर्तुगीजांनी उत्तरेकडील जवळजवळ सगळा प्रांत गमावला. ठाणे आणि साष्टी आधीच मराठ्यांकडे आली होती, १७३९ च्या आरंभी तारापूर पडले, आणि चौल-रेवदंड्याचा ताबा तर वसईनंतर, १७४० च्या तहाने मिळाला. या सर्व ठिकाणी चर्च होते आणि प्रत्येक चर्चमध्ये घंटा होती. एखादी घंटा नेमकी कोठली आहे याचा खरा पुरावा तिच्या अंगावरील मजकुरातच सापडू शकतो, कारण पोर्तुगीज घंटांवर पुष्कळदा संताचे नाव आणि साल असते. म्हणून तो केशरी रंग मला मोठा तोटा वाटतो.

दुसरी गोष्ट कालक्रमाची आहे. चिमाजी आप्पांनी अमुक घंटा अमुक मंदिराला अर्पण केली, असे आपण सहज म्हणतो. परंतु चिमाजी आप्पांचे निधन डिसेंबर १७४० मध्ये झाले. नारोशंकराचे मंदिर १७४७ चे आहे. नाना फडणविसांचा जन्मच १७४२ चा आहे, त्यामुळे मेणवलीचा वाडा आणि घाट त्यानंतर कितीतरी वर्षांनी उभे राहिले. याचा अर्थ या दोन घंटा तरी विजयानंतर थेट आजच्या जागी आलेल्या असू शकत नाहीत. मधल्या वर्षांत त्या कोठल्या तरी वाड्यात, कोठारात किंवा दुसऱ्या देवळात असल्या पाहिजेत. 'अर्पण' या एका शब्दाने आपण तो मधला प्रवास पुसून टाकतो, आणि माझ्या मते खरी गोष्ट तेथेच दडलेली आहे.

सुकेळी :

दप्तरवाचक, आपला दुसरा मुद्दा वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले की, न टांगलेली घंटा जमिनीवर उपडी ठेवतात आणि तशी ठेवली की ओठाच्या कडेला दगडाचे ओरखडे पडतात. मेणवलीच्या घंटेचा ओठ त्यांनी त्या दृष्टीने पाहिला नव्हता. पुढच्या वेळी पाहतील.

दोरखंड :

मी मूळची साताऱ्याची असून गेली चौदा वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टरशर परगण्यात राहते. आमच्या गावच्या चर्चमध्ये सहा घंटा आहेत आणि आठवड्यातून दोन वेळा त्या वाजवणाऱ्या सहा जणांत मी एक आहे. मी ख्रिस्ती नाही. येथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात शेजारणीने मनोऱ्यात नेले आणि त्यानंतर मी ते सोडले नाही. आपल्या वडिलांनी त्या खळग्यावर बोट ठेवले हे वाचून मला राहवले नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

येथील पद्धतीला चेंज रिंगिंग म्हणतात. घंटा एका मोठ्या चाकाला जोडलेली असते आणि दोरी ओढल्यावर ती तोंड वर करून उभी राहते, मग पूर्ण चक्कर घेऊन दुसऱ्या बाजूने पुन्हा उभी राहते. दोरीला हात धरण्याच्या जागी लोकरीची जाड मूठ विणलेली असते. येथे सूर वाजवायचे नसतात, तर क्रम बदलत जायचे असतात. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, सातांचे ५,०४० आणि आठांचे ४०,३२०. आठ घंटांचे हे सगळे क्रम न थांबता वाजवण्याचा पराक्रम १९६३ मध्ये लफबरो येथील टेलर यांच्या घंटा ओतण्याच्या कारखान्यातील मनोऱ्यात झाला आणि त्याला जवळजवळ अठरा तास लागले. तो मनोरा माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर आहे. सुट्टीत येथील मंडळी एकाच दिवशी परगण्यातली पाच-सहा गावे घेऊन प्रत्येक मनोऱ्यात अर्धा-पाऊण तास घंटा वाजवतात आणि मधल्या गावातल्या मावशीकडे किंवा लेकीकडे जेवायला थांबतात. त्यामुळे आपला प्रवास मला अनोळखी वाटला नाही.

आता कामाचे लिहिते. झुलत्या घंटेलाही दोन ठिकाणी झीज होते, आणि ती वाढली की येथे घंटा उतरवून पाव फेरा वळवून पुन्हा टांगतात, म्हणजे लोळा नव्या जागी आदळू लागतो. आपल्या वडिलांनी 'कूस बदलणे' म्हटले ते अगदी हेच आहे. स्थिर टांगलेल्या घंटेला तर त्याहून थोडे वळवले तरी पुरते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. पूर्वी येथे काही ठिकाणी घंटा न हलवता लोळ्यालाच दोरी बांधून तो ओढत असत, कारण त्यात श्रम कमी होते. अशा रीतीने पुष्कळ घंटा तडकल्या. आपटल्यानंतर लोळा क्षणभर जरी घंटेला टेकून राहिला, तरी तिच्या कंपनाला अडथळा होतो आणि तो ताण धातूवर येतो. मंदिरात आपण हाताने लोळा ढकलतो तेव्हा तो आपटताच हात सुटलेला असला पाहिजे. लोळा धरून पाठोपाठ ठोके देणे जुन्या घंटेला सोसत नाही. पुजाऱ्यांना आणि मुलांना एवढे एक सांगितले तरी पुष्कळ होईल.

बासष्ट सेंटिमीटर व्यासाच्या घंटेचे वजन मी १३० ते १५० किलोच्या आसपास धरीन. व्यास दुप्पट झाला की वजन साधारण आठपट होते, या हिशोबाने मेणवलीची घंटा तोंडाशी सुमारे मीटरभर असावी.

ओतारी आळी :

आमच्या घरात तीन पिढ्या ओतकाम होते, माझ्या पिढीत ते थांबले. मंदिरांतल्या फलकांवर दिसणारा 'पंचधातू' हा शब्द लेखात आला नाही हे मला बरे वाटले, कारण बहुतेक ठिकाणी तो आदरापोटी लिहिलेला असतो. युरोपात ओतलेली चर्चची घंटा सर्वसाधारणपणे कांशाची असते, म्हणजे शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग तांबे आणि बावीस भाग कथील. कथील एवढे असल्यानेच नाद लांबतो, आणि कथील एवढे असल्यानेच घंटा ठिसूळ होते. पितळेसारखी ती वाकणार नाही, थेट तडकेल. म्हणून तिला लोखंडी पहारीने किंवा हातोडीने ठोकून पाहू नये, आणि तडा गेलाच तर वेल्डिंगवाल्याला बोलावण्याआधी या कामातल्या जाणकाराला विचारावे.

रंगाबद्दल सांगायचे तर तो खरवडू नये. तारेचा ब्रश, सॅंडपेपर आणि ग्राइंडर यांतील कशाचाही स्पर्श होऊ देऊ नये. रंग सोडवणारे द्रावण लावून, मऊ कापडाने, हातभर जागा करून पाहावी आणि अक्षरे दिसू लागली की थांबावे. सणाच्या आधी चिंच-मिठाने लखलखीत घासण्याची हौसही आवरली पाहिजे, कारण दर वर्षी अक्षरांची कड थोडी थोडी उतरते. काळसर हिरवा थर घंटेला अपाय करत नाही. मजकूर वाचायचा असल्यास संध्याकाळी जाऊन बॅटरीचा उजेड घंटेच्या अंगालगत आडवा टाकावा, झिजलेली अक्षरेही सावलीने उठून दिसतात.

गुरुवारपेठकर :

सुकेळीताईंनी पुण्यातला मुक्काम गुरुवार पेठेत केला आणि त्याविषयी एक ओळही लिहिली नाही, म्हणून ती उणीव मी भरून काढतो. पांच हौद मिशनचे पवित्र नाम देवालय १८८५ मध्ये पवित्र करण्यात आले. त्याच्या उंच मनोऱ्यात इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत. या आवाराचे नाव शाळेच्या पुस्तकात येते ते १८९० च्या चहाच्या प्रकरणामुळे, कारण येथे चहा घेतल्याबद्दल न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, आले. माझे आजोबा शेजारच्या आळीत राहत होते आणि त्यांच्या घरात या घंटांवरून रविवार ओळखला जाई. आपल्या वडिलांनी त्या ऐकल्या का?

सुकेळी :

होय, रविवारीच ऐकल्या. मी लिहिले नाही, कारण वडिलांना त्या दिवशी फार दाटून आले आणि ते मला तेव्हा लिहिता आले नाही. चुलतभावाच्या गच्चीवर ते उभे होते. एकच घंटा आयुष्यभर वाजवलेल्या माणसाने पहिल्यांदाच अनेक घंटा एकमेकींना उत्तर देताना ऐकल्या. इतकी वर्षे आपण एकटेच बोलत होतो, असे ते म्हणाले.

दोरखंड :

आठ घंटांवरून एक आठवण करून देते. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही आठ घंटा आहेत आणि त्या १९०४ मध्ये याच लफबरोच्या टेलर कारखान्यातून आल्या. वसईहून त्या दिवसभरात पाहून येता येतील. वडिलांसाठी मी आमच्या सहा घंटांचे ध्वनिमुद्रण पाठवत आहे. त्यातील तिसरी घंटा माझी आहे.

मांडवी :

घंटा जागा बदलते याचे गोव्यातील उदाहरण दप्तरवाचकांच्या मुद्द्याला पूरक ठरेल. पणजीच्या चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या आणि मधोमध टांगलेली मोठी घंटा सर्वांनी चित्रात पाहिलेली असते. ती घंटा मूळची तेथील नाही. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनचा मठ ओस पडल्यावर ती १८४१ मध्ये आग्वादच्या दीपगृहात नेली गेली आणि तेथे तीस वर्षे जहाजांसाठी राहिली. १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चमध्ये आली. तिच्या मूळ मनोऱ्याची आज एकच उभी भिंत शिल्लक आहे. तीन घरांपैकी कोणते तिचे खरे, असा प्रश्न आमच्याकडे कोणी विचारत नाही.

सालसेट :

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मी आदराने मांडतो. जे चर्चमधून युद्धात उचलून नेले ते आज निदान एका घंटेच्या रूपाने तरी वसईला परत यावे, असे सुकेळीताईंना किंवा त्यांच्या वडिलांना वाटले नाही का? आपल्या समाजात अनेकांना तसे वाटते, आणि ती भावना चुकीची आहे असे मला म्हणवत नाही.

सुकेळी :

सालसेट, हा प्रश्न आमच्या घरात निघण्याआधीच विचारला गेला होता, आणि तो माझ्या धाकट्या भावाने विचारला होता. मी वडिलांचे उत्तर जसेच्या तसे देते, कारण ते मलाही पटलेले आहे. १७३९ नंतर किल्ल्यातील चर्च ओस पडले, छपरे गेली, आणि आज सेंट जोसेफच्या मनोऱ्यात पिंपळ उगवला आहे. तेथे राहिलेली घंटा वितळवली गेली असती किंवा विकली गेली असती. ज्यांनी नेली त्यांनी तिला देवापुढे टांगली, तिच्यावरील क्रूस आणि मेरीमाता घासून काढली नाही, आणि तिला रोज बोलते ठेवले. "आपल्या देवळात तिला तीन वेळा बोलावे लागे," वडील म्हणाले, "तिथे ती दिवसभर बोलते. बोलती घंटा मी परत मागणार नाही." ती झिजू नये, तडकू नये आणि तिचे नाव रंगाखाली बुजू नये, एवढीच आमची मागणी आहे, आणि ती मागणी आम्ही वसईचे लोक म्हणून हक्काने करतो.

दप्तरवाचक :

या उत्तरात मी एवढीच भर घालतो की, घंटांची नोंद करताना आजच्या जागेचे नावही मजकुराइतक्याच काळजीने लिहावे. त्या मंदिरातील पावणेतीनशे वर्षे हाही तिचाच इतिहास आहे.

सुकेळी :

दहा दिवस येथे आले नव्हते. या दिवसांत जे घडले ते लिहिते.

दोरखंड आणि ओतारी आळी यांनी लिहिलेले सर्व मी कागदावर छापून वडिलांच्या सहकाऱ्यांना पाठवले आणि त्यांनी ते मंदिराच्या विश्वस्तांपुढे वाचले. विश्वस्तांना खळग्याची कल्पनाच नव्हती. त्यांनी कोणताही वाद न घालता घंटा वळवायचे ठरवले. वडिलांनी फोनवरून सूचना दिल्या : खाली भिजवलेल्या गोणपाटाचे चार थर घालावेत, लोळा आधी काढून ठेवावा, साखळी घंटेच्या डोक्यावरील कड्यांना थेट न लावता मध्ये जाड पट्टा घ्यावा आणि पाव फेऱ्याची खूण खडूने तुळईवर करावी. मंगळवारी सकाळी गावातील सहा माणसांनी चेन पुलीवर घंटा दीड तासात उतरवली, वळवली आणि पुन्हा टांगली. ओठावर दगडाचे ओरखडे आहेत का, हे त्यांनी वडिलांच्या सांगण्यावरून पाहिले. एका बाजूला चार बोटे रुंदीचे ओरखडे आहेत.

रंगाचे काम ओतारी आळी यांच्या पद्धतीने हातभर जागेत सुरू झाले आहे. आतापर्यंत चार अक्षरे दिसली असून त्यांतील दोन 'एस' आणि 'ए' अशी वाचता येतात. छायाचित्र वेगळे टाकते, दप्तरवाचकांनी ते पाहावे. घाईने तर्क करू नये अशी माझी विनंती आहे, कारण पुढची अक्षरे शिवरात्रीच्या आत मोकळी होतील.

घंटा टांगून झाल्यावर सहकाऱ्यांनी फोन लावला आणि तो घंटेजवळ धरला. त्यांनी एक ठोका दिला आणि हात सोडला. वडिलांनी नाद पूर्ण विरेपर्यंत फोन कानाला तसाच धरून ठेवला आणि मग सांगितले, "आता दुसरा द्या."

पुढचा प्रवास ६ जानेवारीला निघेल. पहिल्या दिवशी कुलाबा आहे आणि त्या रात्री मुक्काम भायखळ्याला मावशीकडे आहे. दुसऱ्या दिवशी रेवदंड्याकडे जाऊ. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. गोदातीर यांनी सांगितल्याप्रमाणे दुर्बीण घेतली आहे, कारण परतीच्या वाटेत नाशिकला सकाळी लवकर पोचायचे आहे आणि आत्याने आधीच सुकेळ्यांचा हिशोब मागितला आहे.